पाकिटापासून सुरुवात: हाताने केलेली सणाची शुभेच्छापत्रं आणि त्यासाठी घरातला कामाचा कोपरा

शुभेच्छापत्र हाताने करायचं ठरलं की बहुतेकांचा हात आधी रंगीत कागदांकडे, चमकीकडे आणि शिक्क्यांकडे जातो. त्याआधी पाकीट ठरवा. कार्ड सुंदर झालं आणि त्या मापाचं पाकीटच मिळालं नाही, किंवा वर चिकटवलेल्या ताऱ्याच्या जाडीमुळे ते पाकिटात शिरेना, ही या कामातली सगळ्यात नेहमीची फजिती आहे. पाकीट ठरलं की कार्डाचं माप ठरतं, त्यावरून कागद किती लागेल ते कळतं, आणि सजावट किती जाड चालेल हेही तिथेच नक्की होतं.

माप

ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. त्याची लांब बाजू मधोमध कापली की १४८ × २१० चे दोन ए-५ तुकडे मिळतात. ए-५ मधोमध दुमडला की १०५ × १४८ चं ए-६ कार्ड तयार होतं, आणि ते ११४ × १६२ च्या सी-६ पाकिटात बसतं. ही मापं १९२२ मधल्या जर्मन मानकावरून आलेली आहेत आणि त्यांची खुबी अशी, की कागद कितीही वेळा अर्धा केला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. त्यामुळे कापताना काहीही वाया जात नाही. पहिल्या वेळी हेच माप घ्या. चौकोनी कार्डं आणि उभट लांबट कार्डं देखणी दिसतात, पण त्यांची पाकिटं शोधावी लागतात आणि कागदाची कातरण बरीच उरते.

सी-६ पाकिटात कार्डाला रुंदीत ९ मिमी आणि लांबीत १४ मिमी मोकळीक मिळते. सजावट थोडी उंच बसवणाऱ्या, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या दोन मिमी जाड फोम टेपचा एक थर त्यात सहज सामावतो. दोन थर दिले, मणी किंवा बटण लावलं, तर दोन्ही दिशांनी साधारण ५ मिमी मोठं पाकीट घ्या.

कागद, आणि त्यातल्या तंतूंची दिशा

कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, अशी मोजतात. मुख्य कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएम घ्या. त्याहून पातळ कार्ड उभं राहत नाही, वाकतं. वर चिकटवायच्या थरांना १२० ते २०० पुरे. आत मजकूर लिहायचा कागद आणि घरी केलेलं पाकीट यांना ९० ते १२०. छपाईचा नेहमीचा ७०-८० जीएसएमचा कागद फक्त कच्च्या नमुन्यासाठी वापरा. त्यावर ओला गोंद लागला की सुरकुत्या पडतातच.

जाडीइतकीच महत्त्वाची, पण क्वचितच कुणी सांगतं अशी गोष्ट म्हणजे तंतूंची दिशा. यंत्रावर कागद बनताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने पसरतात. घडी त्या दिशेला समांतर असली तर ती सरळ, गुळगुळीत पडते. आडवी गेली तर तंतू मोडतात, घडीच्या कडेवर भेगा दिसतात आणि कार्ड पूर्ण मिटत नाही, किंचित उघडंच राहतं. दिशा ओळखायला कागद न मोडता दोन्ही बाजूंनी अलगद वाकवून पाहा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, तंतू त्या वाकाच्या रेषेला समांतर आहेत. खात्री हवी असेल तर एक तुकडा फाडून पाहा. तंतूंच्या दिशेने कागद बराचसा सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा.

ए-४ जाड कागदात तंतू अनेकदा लांब बाजूला समांतर असतात. तसं असेल तर वर सांगितलेल्या पद्धतीने दोन ए-५ करून १०५ मिमीवर घातलेली घडी आपोआप तंतूंच्या दिशेत येते. तोच कागद उभा चिरून १०५ × २९७ ची पट्टी केली आणि ती मधोमध दुमडून तंबूसारखं कार्ड केलं, तर घडी तंतूंना आडवी जाते आणि तडकते. एकाच गठ्ठ्यातली काही कार्डं छान आणि काही भेगाळलेली निघतात, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

रंगीत जाड कागद घेताना त्याचा कोपरा थोडा फाडून बघा. आत पांढरा गर दिसला तर घडीवर आणि कापलेल्या कडांवर पांढरी रेघ दिसणार. गडद रंगात ती फार खुपते. गडद रंगासाठी आरपार रंगवलेलाच कागद घ्या, थोडा महाग पडला तरी.

कापणं आणि घडी

कटर, धातूची पट्टी आणि खाली कटिंग मॅट, एवढ्यावर सगळं कापून होतं. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड एखाद्या वेळी पात्याखाली सोलली जाते आणि मग पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते. जाड कागद एका दमात कापू नका. हलक्या हाताने तीन वेळा पातं फिरवा. जोर लावला की पातं पट्टीपासून दूर सरकतं, आणि बोटांना इजाही तेव्हाच होते. पट्टी धरलेल्या हाताची बोटं कडेपासून आत ठेवा. कापलेली कड केसाळ दिसू लागली की पातं बोथट झालं, तेव्हा टोकाचा तुकडा मोडून नवं टोक पुढे घ्या. मोडलेले तुकडे झाकणाच्या घट्ट डबीत साठवा, केरात टाकू नका.

दोनशे जीएसएमपेक्षा जाड कागद नुसत्या बोटांनी दुमडू नये. आधी घडीची रेघ दाबून घ्यावी लागते. त्यासाठी शाई संपलेलं बॉलपेन, जाड विणकामाची बोथट सुई किंवा घडी घालायची हाडाची पट्टी चालते. ए-५ तुकड्याच्या २१० मिमी बाजूवर वर आणि खाली १०५ मिमीवर बारीक खूण करा, पट्टी लावा आणि मध्यम दाबाने दोनदा रेघ ओढा. कागद कापला जाता कामा नये, फक्त दबला पाहिजे.

आता घडी कुठल्या बाजूला घालायची? रेघेच्या एका बाजूला खाच पडते, दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. सहज वाटतं की कागद खाचेत मिटायचा. खरं तर उलट: उंचवटा कार्डाच्या आत गेला पाहिजे आणि खाच बाहेर राहिली पाहिजे. म्हणजे रेघ कार्डाच्या बाहेरच्या, दर्शनी अंगावर ओढायची. त्यामुळे बाहेरच्या तंतूंवरचा ताण कमी होतो आणि कड फुटत नाही. कडा जुळवून कागद मिटला की हाडाची पट्टी घडीवरून मधून बाहेर फिरवा. गडद कागदावर ती थेट घासली तर चकचकीत पट्टा उमटतो, म्हणून मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरा.

थर आणि गोंद

ए-६ कार्डावर दोन थर शोभतात. पहिला ९७ × १४० मिमी, म्हणजे चारी बाजूंना ४ मिमी कड. दुसरा ९१ × १३४, म्हणजे ३ मिमी कड. दोन्ही कडा अगदी सारख्या ठेवल्या तर नजर कुठेच ठरत नाही. बाहेरची थोडी रुंद असू द्या. आधी दुसरा थर पहिल्यावर लावा, त्यावरची सजावट पूर्ण करा आणि मग तो सगळा जोड कार्डावर चिकटवा. सजावट बिघडली तर एक पातळ तुकडा जातो, अख्खं कार्ड जात नाही.

गोंदाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कार्ड बिघडण्याचं ते सर्वांत मोठं कारण आहे. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. पाणी लागलं की कागद फुगतो, आणि तो तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. वाळताना आकसतो आणि सोबतच्या कागदालाही ओढतो. म्हणून मोठ्या सपाट थरांना पांढरा गोंद पूर्ण पसरून लावू नये. तिथे दुहेरी चिकटपट्टी बरी: चार कडांना एकेक आणि मध्ये एक. गोंदच वापरायचा असेल तर कडांपासून ३ मिमी आत, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्या आणि लगेच जड पुस्तकाखाली अर्धा तास दाबून ठेवा. सगळ्या थरांचे तंतू एकाच दिशेने असतील तर वाकण्याचा त्रास खूप कमी होतो. तरी कार्डाचा दर्शनी भाग वाकलाच, तर त्याच पानाच्या आतल्या बाजूला तेवढ्याच मापाचा कागद तसाच चिकटवा. दोन्हीकडून सारखा ताण आला की ते सरळ होतं.

दुहेरी चिकटपट्टी एकदा टेकली की हलत नाही, आणि थर तिरका बसतो. त्यावर उपाय: पट्टीवर दोन-तीन ठिकाणी गोंदाचा बारीक ठिपका द्या. काही सेकंद थर सरकवून जुळवता येतो, मग दाबा. ट्रेसिंग पेपरमधून कोणताही गोंद दिसतो. तो फक्त सजावटीच्या मागे लपेल तिथेच चिकटवा किंवा वरच्या कडेला रिबीन बांधून अडकवा.

मजकुरासाठी आत वेगळा कागद घातला तर गडद कार्डावरही लिहिता येतं. २०२ × १४० मिमीचा तुकडा १०१ वर दुमडा आणि मागच्या पानाला घडीलगत फक्त ५ मिमीची गोंदाची पट्टी द्या. पूर्ण चिकटवला तर कार्ड मिटताना तो चुरगळतो. देवनागरी अक्षरं मोठी लिहायची असतील तर पेन्सिलीने आधी शिरोरेषेची ओळ आखा आणि तिच्या वर अक्षराच्या निम्म्या उंचीएवढी जागा सोडा. वेलांट्या आणि मात्रा तिथे जातात. उकार-ऋकारांसाठी खालीही तेवढीच. सगळी अक्षरं लिहून झाल्यावर शिरोरेषा एका ओढीत मारली तर ती सलग दिसते.

शिक्के, शाई आणि उठावाची छपाई

पारदर्शक शिक्के नवे असताना शाई धरत नाहीत. पृष्ठभागावर थेंब जमतात आणि छाप ठिपक्या-ठिपक्यांची येते. साध्या खोडरबराने पृष्ठभाग हलका घासला की हा दोष जातो. शिक्का उमटवताना खाली मऊ पातळ फोमची गादी ठेवा, सरळ खाली दाबा, डोलवू नका. डोलवला की बाजूची कड उमटते.

शाईचे दोन प्रकार लक्षात ठेवा. रंजकाची (डाय) शाई पातळ असते, कागदात शोषली जाते आणि लगेच वाळते. रंगकणांची (पिगमेंट) शाई दाट असते, वर राहते आणि हळू वाळते. छापलेल्या आकृतीत जलरंग भरायचे असतील तर वाळल्यावर पाण्याने न पसरणारी शाई हवी. स्पिरिटच्या मार्करने रंगवायचं असेल तर स्पिरिटने न विरघळणारी हवी. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर छापून, पाच मिनिटं थांबून, रंग फिरवून बघा.

उठावाची छपाई म्हणजे छापेवर एम्बॉसिंग पावडर टाकून ती उष्णतेने वितळवायची, की छाप उंच उठून दिसते. तिला हळू वाळणारी शाईच लागते, कारण पावडर ओल्या शाईलाच चिकटते. क्रम असा: कागदावर आधी स्थिरविद्युत घालवणारी पुडी किंवा टाल्कम पावडर हलकेच फिरवा, नाहीतर नको तिथे कण चिकटून राहतात. छाप मारा, एम्बॉसिंग पावडर भरपूर ओता, कागद तिरका करून जादा पावडर स्वच्छ कागदावर उतरवा आणि मागून टिचकी मारा. चुकार कण कोरड्या बारीक ब्रशने काढा. हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र, आधी १०-१५ सेकंद रिकामी चालवून गरम करा आणि मग ४-५ सेंटिमीटरवरून एका टोकापासून फिरवत न्या. पावडर वितळून चकाकली की लगेच पुढे सरका. जास्त वेळ थांबलात तर ती कागदात मुरते, उठाव बसतो आणि छाप तेलकट दिसते. हे काम कटिंग मॅटवर करू नका, उष्णतेने मॅट कायमची वाकते. आणि सगळी उष्णतेची कामं चिकटवण्याआधी उरका, नाहीतर फोम टेप आणि दुहेरी पट्टी सैल होते.

उघडताच उभं राहणारं चित्र

घडी आडवी, म्हणजे १४८ मिमीच्या बाजूने, वर ठेवून कार्ड मिटलेलं धरा. घडीवरून खाली, एकमेकांना समांतर आणि २० मिमी अंतराने, ३० मिमी लांबीचे दोन छेद द्या. दोन्ही छेदांची टोकं जोडणारी रेघ दोन्ही बाजूंनी दाबून घ्या, कार्ड उघडा आणि मधला पट्टा आत ढकला. पायरी तयार झाली, तिच्या समोरच्या अंगावर चित्र चिकटवा.

चित्र किती उंच चालेल याचं गणित सोपं आहे: छेदाची लांबी आणि चित्राची उंची मिळून पानाच्या उंचीपेक्षा कमी हवी. इथे पान १०५ आणि छेद ३०, म्हणजे चित्र ७५ च्या आत. पाच मिमी राखून ७० घ्या. त्याहून उंच केलं तर मिटलेल्या कार्डाच्या बाहेर चित्राचं टोक डोकावतं. छेदाची लांबीही पानाच्या निम्म्याहून कमीच हवी, नाहीतर पायरीच बाहेर येते. छेद दिलेलं कार्ड तसंच न ठेवता बाहेरून दुसऱ्या कार्डावर चिकटवा, म्हणजे मागची खिडकी झाकली जाते. पायरीवर मात्र गोंद लागू देऊ नका.

घरी पाकीट

ए-४ कागदातून १९२ × २७४ मिमीचा तुकडा कापा. १९२ च्या बाजूवर दोन्हीकडून १५ मिमी आत उभ्या रेघा दाबा. वरून ५० मिमीवर एक आडवी रेघ आणि तिथून ११४ मिमीवर दुसरी. उरतो तो ११० मिमीचा भाग. आता वरच्या ५० मिमीच्या आणि खालच्या ११० मिमीच्या भागाच्या दोन्ही बाजूंच्या १५ मिमी पट्ट्या कापून टाका, मधल्या भागाच्या ठेवा. त्या आत दुमडा, त्यांच्यावर गोंद लावा, खालचा भाग वर आणून चिकटवा. वरचं झाकण उरलं. खालच्या भागाच्या कोपऱ्यांतून अर्धा मिमी जास्त कापला तर तो आत नीट सरकतो.

कामाची जागा

वेगळी खोली हवीच असं नाही. ए-३ मॅटच्या दुप्पट मोकळी टेबलाची जागा असली की काम होतं. सामान प्रकारानुसार लावण्याचा मोह टाळा. सगळे कागद एका कपाटात, सगळे गोंद दुसऱ्या टोकाला, असं लावलं की प्रत्येक कार्डामागे अनेक वेळा उठावं लागतं. काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने सामान ठेवा: मोजणं-कापणं, घडी, छपाई आणि रंग, चिकटवणं, दाबून वाळवणं, पाकीट. प्रत्येक टप्प्याची एक ट्रे किंवा उथळ डबा करा आणि त्यात फक्त त्या टप्प्याची हत्यारं ठेवा. जेवणाच्या टेबलावरच काम करायचं असेल तर हीच पद्धत उत्तम. ट्रे एकेक करून येते आणि जाते. पट्टी, पेन्सिल आणि कात्री दोन ठिकाणी लागतात, त्यांच्या दोन जोड्या ठेवणं शोधत बसण्यापेक्षा परवडतं.

बसून काम करताना टेबल ७२-७५ सेंटिमीटर उंच असावं. कापताना बरेच जण उभे राहतात, त्यांना ९० च्या आसपासची उंची सोयीची जाते, नाहीतर कंबर धरते. दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला ठेवा म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. प्रकाश पांढरा, ४०००-५००० केल्विनचा घ्या. पिवळ्या दिव्याखाली जुळवलेले निळे आणि जांभळे दिवसा वेगळेच दिसतात. पाणी, जलरंग आणि गोंद टेबलाच्या एका टोकाला, कोरडे कागद दुसऱ्या. फवारा मारायचा गोंद खिडकी उघडूनच वापरा.

साठवणुकीतले काही नियम त्या-त्या वस्तूच्या स्वभावातून आले आहेत. जाड कागद सपाट ठेवा. उभे ठेवायचे तर डबा गच्च भरलेला हवा, सैल राहिला की ते खालून वाकतात. दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. स्पंजच्या शाईच्या गाद्या उलट्या ठेवल्या तर शाई पृष्ठभागाकडे उतरते. दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवले तर वरचं टोक कोरडं पडतं. पारदर्शक शिक्के उन्हात पिवळे आणि चिकट होतात, ते बंद डब्यात, गुळगुळीत प्लॅस्टिकवर सपाट लावून ठेवा. कटिंग मॅटही उन्हापासून दूर, सपाट. कागदाची कातरण ठेवावी, पण तळहातापेक्षा लहान तुकडे काढून टाका, नाहीतर तो डबा वर्षभर वाढतच जातो.

वीस कार्डं एकत्र करताना

एकेक कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू नका. आधी एक पूर्ण नमुना करा, तो पाकिटात घालून बघा, आणि त्याच्या मागे सगळी मापं, कागदाचे रंग आणि शाईचं नाव लिहा. मग एक टप्पा सगळ्या वीस कार्डांसाठी, त्यानंतर पुढचा. वीस ए-६ कार्डांना जाड ए-४ कागद १० लागतात. दोन्ही थर एका ए-४ मधून चार निघतात, म्हणजे प्रत्येकी ५. आतला कागद एकातून दोन, म्हणजे १०. पाकिटांना २०. प्रत्येकात एक-दोन जास्तीचे धरा. एकाच गठ्ठ्यातला कागद एकदमच घ्या, पुढच्या गठ्ठ्यात रंगाची छटा थोडी वेगळी निघू शकते.

कापण्याचं काम आणि चिकटवण्याचं काम वेगवेगळ्या दिवशी ठेवा. हात थकला की रेघा चुकतात आणि गोंदाचे डाग पडतात. झालेली कार्डं एकावर एक रचताना उठावाची छपाई एकमेकांना चिकटू नये म्हणून मध्ये साधा कागद घाला. गोंद पूर्ण वाळायला एक रात्र द्या. ओलसर कार्ड बंद पाकिटात गेलं तर तिथेच वाकतं. पत्ता पाकीट रिकामं असतानाच लिहा, आत कार्ड असताना लिहिलं तर उठाव पेनाला आडवा येतो आणि लिहिलेल्याचे ओरखडे आतल्या कार्डावर उमटतात.